वगैरे

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक गाडी उभी आहे. तिला दारं नाहीत, काचा नाहीत, नंबर प्लेट नाही. जुन्या जीपचा सांगाडा, त्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि चार दांडगी चाकं, एवढाच ऐवज. दादा तिला बग्गी म्हणतो. आई 'ते भंगार' म्हणते. पप्पा तिचं नावच घेत नाहीत. ही गाडी बनवण्यात माझाही हात होता, आणि तिच्यामुळे दादाचा हात मोडला त्यातही माझा हात होता. पहिली गोष्ट आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे. दुसरी मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती.

आमचं गाव हुमनाबाद आणि कमलापूरच्या मध्ये, बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. त्यामुळे आमच्या घरात मराठी, बाजारात कन्नड, गॅरेजमध्ये दखनी आणि शाळेच्या दप्तरात इंग्रजी. मिस्सा कन्नडमध्ये आणि झोपताना रोझरी मराठीत. मी साहित्य शिकायला कलबुर्गीहून रात्रीची गाडी पकडून तुमच्यात आले, तेव्हा मला वाटायचं, भाषांतर ही वर्गात शिकायची गोष्ट. खरं तर आमच्या घरात ते रोज जेवणाच्या ताटावर चालायचं.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आयटीआयचा फिटर. इंग्रजी त्याला अक्षरं जुळवून वाचता येतं, पण अर्थ लागेपर्यंत त्याचा धीर सुटतो. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची बातमी सगळीकडे फिरली, ती तुम्हालाही आठवत असेल. भंगारातले भाग जोडून त्यांनी घरच्यांसाठी छोटी चारचाकी बनवली होती. खर्च साधारण साठ हजार, आणि मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी. आनंद महिंद्रांनी ती पाहिली, तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती दिलीही. दादाने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. पप्पांना दाखवला तेव्हा पप्पा म्हणाले, "त्यांचा पोटाचा धंदा फॅब्रिकेशनचा आहे. तू आधी नोकरी बघ."

पण दादाला रस्त्यावर चालणारी गाडी बनवायचीच नव्हती. त्याच्या फोनमध्ये वेगळेच व्हिडिओ असायचे. अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआब नावाचं गाव आहे. तिथे १९६७ पासून दर वर्षी ईस्टरच्या सुमारास लोक जीप घेऊन खडकांवर चढायला जमतात. आपल्याकडे गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं, त्यात चिखल, ओढे आणि उभे चढ असतात. दादाला वेड लागलं ते यातल्या रॉक क्रॉलिंगचं. यात शर्यत वेगाची नसते. कमरेएवढ्या दगडांवरून गाडी सरड्यासारखी, एक एक पाय टाकत न्यायची. ड्रायव्हरपेक्षा बाजूने चालणारा माणूस पुढे निघून जातो, इतकी हळू.

"इतकं हळू जायचं तर बैलगाडी काय वाईट?" आई म्हणाली.

त्यावर दादाने जे सांगितलं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दगडावर जोर लावून उडी मारली की गाडी मोडते. जोर हवा, पण वेग नको. म्हणजे इंजिनाने भरपूर फिरायचं आणि चाकाने जेमतेम. जुन्या विलीज नमुन्याच्या जीपमध्ये पहिला गिअर साधारण २.८, खालचा लो गिअर २.४६ आणि अॅक्सलमधल्या क्राऊन-पिनियनचं प्रमाण ५.३८. तिन्हींचा गुणाकार साधारण ३७. इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर असेल तर अशी जीप ताशी चार किलोमीटरने, माणूस चालतो तशी चालते. दगडासाठी हेसुद्धा जास्त होतं. म्हणून दादाने दुसऱ्या भंगार जीपचा गिअरबॉक्स आणून पहिल्याच्या मागे जोडला. पुन्हा २.८ ने गुणा. आकडा शंभरच्या वर गेला आणि वेग ताशी दीड किलोमीटरच्याही खाली आला. बारावीला गणितात काठावर पास झालेला माझा दादा हे सगळं चुन्याने शेडच्या भिंतीवर लिहीत होता.

माझं काम वाचण्याचं. इंग्रजीत जे काही सापडे ते मी हॉस्टेलवरून वाचायचे आणि रात्री त्याला व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट करून पाठवायचे. तो ती शेडमध्ये मोठ्याने लावायचा, कारण वेल्डिंग करायला येणाऱ्या चाचांनाही ऐकायची असे. मग चाचा दखनीत शंका काढत, दादा ती मला मराठीत विचारे, मी इंग्रजीत शोधे. शब्द मिळायचे नाहीत. एक चाक दगडावर उंच आणि दुसरं खड्ड्यात खोल, तरी चारही टेकलेली, या गुणाला इंग्रजीत एक ऐटदार शब्द आहे. मी त्याला 'अंग वळवणं' म्हटलं. चाचांनी त्याचं 'कमर ढिल्ली' केलं, आणि शेडमध्ये तोच शब्द चालू झाला. पाट्यांची कमर किती ढिल्ली करायची यावर दोन दिवस चर्चा झाली.

चाचांकडून मीही शिकले. पिंजऱ्यासाठी दादाने नळाच्या कामातले जस्ताचे पाइप आणले होते, स्वस्तात. चाचांनी हात लावून बाजूला ठेवले. "नक्को बेटा, ये नक्को. रातकू बुखार चढता." जस्त चढवलेल्या लोखंडाला वेल्डिंग केलं की जो पांढरा धूर निघतो त्याने खरोखरच थंडी वाजून ताप येतो, आणि असे पाइप या कामाला भरवशाचेही नसतात. शेवटी सीमलेस पाइप आले, आणि त्यात दादाच्या दोन महिन्यांच्या पगारावर पाणी पडलं.

मग आला डिफरन्शियलचा प्रश्न. साध्या गाडीच्या अॅक्सलमध्ये मधल्या गिअरची रचना अशी असते की वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं आणि आतलं कमी. रस्त्यावर हे वरदान, दगडावर शाप. एक चाक हवेत लटकलं की तेच गरगर फिरत राहतं आणि जमिनीवरचं चाक जागेवर थिजतं. यावर महागडे लॉकर मिळतात. गरिबाचा उपाय म्हणजे आतले गिअर वेल्ड करून टाकायचे. मग दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरतात. वळताना टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं, पण गाडी चढते.

या वेल्डिंगबद्दल एका जुन्या जाणकाराने लिहिलेली चौदा पानांची इंग्रजी पुस्तिका मला सापडली. फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. दुसऱ्या दिवशी माझी अंतर्गत परीक्षा होती. मी बारा पानं नीट वाचली, गिअर कसे धुवायचे, कुठे टाके घालायचे, किती वेळ थंड होऊ द्यायचं, हे सगळं क्रमाने सांगितलं. शेवटच्या दोन पानांवर मथळा होता सुरक्षिततेचा. मी वरून नजर फिरवली. ती व्हॉइस नोट अजून आमच्या चॅटमध्ये आहे. चार मिनिटं बावीस सेकंद. शेवटी माझ्या जांभईतून आलेलं वाक्य असं आहे: "बाकी मग सेफ्टीचं आहे, बेल्ट लावा, काळजी घ्या वगैरे."

अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल चालत नाहीत आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं आहे. दादाला हे पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे बग्गी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून, मालकाला विचारून, एका बंद पडलेल्या खाणीत न्यायची ठरली. आमच्या भागातला लाल जांभा तुम्ही पाहिला नसेल तर बीदरचा किल्ला पाहा. त्याचे तिहेरी खंदक याच खडकात खोदले आहेत. खाणीतून निघताना हा दगड मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे पडतात. वारं लागलं की कडक होतो. चिरे काढून नेल्यावर खाणीत पायऱ्या उरतात, कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे कमरेएवढ्या. दादाच्या लेखी तेच आमचं मोआब.

दिवस ठरला ईस्टरचा दुसरा, १ एप्रिल २०२४. मी चार दिवसांसाठी घरी आले होते. चाचा, दादाचे दोन मित्र, मी, आणि ट्रॉली सोडायच्या निमित्ताने आलेले पप्पा. टायरची हवा पंधरा पौंडावर आणली, म्हणजे टायर पसरून दगडाला मिठी मारतो. पहिली पायरी बग्गी चढली तेव्हा आवाज इतका शांत होता की टायरखालचा खडा सरकलेला ऐकू येत होता. दुसरी चढली. मित्र ओरडत होते, "निधान, निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. मला त्या क्षणी हे सुचलं आणि मी मनातल्या मनात खूश झाले, की यावर मंडळाच्या अंकात लिहिता येईल. मी पप्पांकडे पाहिलं. ते हसत होते.

तिसऱ्या पायरीवर मागचं डावं चाक खाचेत अडकलं. दादाने अॅक्सिलरेटर दाबला. गाडी हलली नाही, त्याने अजून दाबला. फटाका फुटावा तसा आवाज झाला. अॅक्सलचा शाफ्ट तुटला होता. दचकून त्याने क्लच दाबला, गाडी मागे घरंगळली, एका चिऱ्यावर कलली आणि अगदी सावकाश उजव्या कुशीवर आडवी झाली. सावकाश, म्हणूनच दादाने हात बाहेर काढला. पडणाऱ्या माणसाने जमिनीला हात टेकावा तसा. पाइप आणि दगडाच्या मध्ये त्याचं मनगट सापडलं.

पिंजरा जसाच्या तसा होता. बेल्टने त्याला जागेवर धरून ठेवलं होतं. हात आत असता तर अंगावर ओरखडाही उठला नसता.

कलबुर्गीला ऑपरेशन झालं. मनगटात पट्टी आणि स्क्रू, सहा आठवडे प्लास्टर. एप्रिलच्या मध्यात तो एका कारखान्यात रुजू होणार होता. दोन वर्षं खटपट करून ती जागा मिळाली होती. फिटरला उजवा हात नसेल तर काय रुजू करून घेणार? जागा दुसऱ्याला गेली. पप्पांनी शेडला कुलूप लावलं आणि त्या विषयावर पडदा पडला. दोष कुणी कुणाला दिला नाही. चाचा मात्र दर शुक्रवारी नमाजानंतर येऊन दादाच्या उशाशी बसायचे, जणू त्यांचंच वेल्डिंग सुटलं होतं.

चौथ्या दिवशी रात्री मी ती पुस्तिका फोनवर उघडली. शेवटची दोन पानं. त्यात तीन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, डिफरन्शियल वेल्ड केल्यावर सगळा भार एकाच शाफ्टवर येऊ शकतो, म्हणून चाक अडकलं तर जोर वाढवू नका, मागे घ्या आणि दुसरी वाट धरा. दोन, चढावर काहीही तुटलं तरी क्लचला पाय लावू नका, ब्रेक दाबा. तीन, गाडी कुशीवर जाते आहे असं वाटलं तर हात स्टिअरिंगवर किंवा छातीशी, बाहेर कधीच नाही, आणि दोन्ही बाजूंना जाळी लावल्याशिवाय गाडी दगडावर नेऊच नका.

त्या दिवशी झालेल्या तिन्ही चुका, त्याच क्रमाने. आणि त्या तिन्हींचं मी भाषांतर केलं होतं, 'वगैरे'.

दादाला मी सांगितलं नाही. आधी म्हटलं, त्याला बरं होऊ दे. मग म्हटलं, दुसरी नोकरी लागू दे. मग सांगायचं राहूनच गेलं. मिस्साच्या सुरुवातीला आपण विचाराने, शब्दाने, कृतीने केलेल्या पापांबरोबर जे करायचं टाळलं त्याचीही क्षमा मागतो. लहानपणापासून मी तो शेवटचा भाग घाईत म्हणत आले. टाळलं म्हणजे काय, गरिबाला दान दिलं नाही, आजीला भेटायला गेलो नाही, एवढंच मला वाटायचं. न सांगितलेल्या वाक्यालाही वजन असतं, ते असं मनगटावर पडतं, हे ठाऊक नव्हतं. कन्फेशनला जाऊन मी सांगितलं. फादरनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "भावाला सांगितलंस?"

या सप्टेंबरमध्ये आपल्या वर्गात भाषांतराचा पेपर सुरू झाला, आणि ३० तारखेला संत जेरोमचा सण म्हणून सरांनी त्याच्याबद्दल सांगितलं. बायबल लॅटिनमध्ये आणणारा, भाषांतरकारांचा आश्रयदाता संत. मोशे डोंगरावरून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं, असा अर्थ आज आपण वाचतो. मूळ हिब्रू शब्दाचं नातं शिंगाशीही आहे, आणि जेरोमने शिंग हा अर्थ धरला. त्यामुळे रोममध्ये मायकेलअँजेलोने घडवलेल्या संगमरवरी मोशेच्या डोक्यावर आजही दोन शिंगं आहेत. वर्ग हसला. मीही हसले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर प्लास्टर आलं. निदान जेरोमने त्या शब्दापाशी थांबून काहीतरी निवडलं तरी होतं. मी तर पानच ओलांडून गेले होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. दादा आता हुमनाबादला एका गॅरेजमध्ये जातो. थंडीत मनगट दुखतं, पाना पूर्ण आवळता येत नाही, शेवटचा पीळ पोराकडून देववतो. संध्याकाळी तो शेडच्या पायरीवर बसला होता. मी फोन काढला, ती व्हॉइस नोट लावली आणि शेवटच्या वाक्यानंतर बंद केली. मग ती दोन पानं त्याला वाचून दाखवली, एक एक ओळ, मराठीत.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू सांगितलं असतंस तरी मी अॅक्सिलरेटर दाबलाच असता," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "हात मात्र काढला नसता बहुतेक."

त्या 'बहुतेक'ला मी रडले. त्याने माझी समजूत घातली नाही. उठला, पप्पांकडे गेला, किल्ली मागितली. पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दिली. शेडमध्ये बग्गी होती तशीच, उजव्या बाजूला लाल दगडाची पूड अजून चिकटलेली.

"बाकीची बारा पानं पण पुन्हा वाच," दादा म्हणाला. "सगळी. चाचांना बोलावतो."

दोन रात्री लागल्या. जिथे मला शब्द सापडला नाही तिथे मी 'सापडत नाही' म्हणाले आणि आम्ही तिघांनी मिळून तो शोधला. चाचा आता दोन्ही बाजूंना जाळी बसवणार आहेत. नवा शाफ्ट यायचा आहे, त्याला पैसे लागतील, म्हणजे वेळ लागेल. खाणीत पुन्हा जायचं की नाही हे आईने अजून ठरवलेलं नाही, आणि आमच्या घरात ते तीच ठरवते.

निघायच्या दिवशी सकाळी मी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन शेडमध्ये गेले. स्टिअरिंगच्या समोर, आडव्या पाइपवर, दादाला दिसेल असं लिहिलं: हात आत. खाली चाचांच्या मुलीने तेच उर्दूत लिहून दिलं, आणि दादाच्या मित्राने कन्नडमध्ये. रंग ओला असताना पप्पा दारात येऊन उभे राहिले. तिन्ही ओळी वाचल्या.

"मराठीतलं जरा मोठं काढ," ते म्हणाले.